क्लास १ च्या चेनसॉ ट्राउझर्स बॅटरीच्या मशीनला पुरतात का? मदत हवी आहे

मंडळी, वादळात आडवी झालेली झाडं तोडून बाजूला करायचीत म्हणून बॅटरीवरचा चेनसॉ घेतलाय, सोबत ट्राउझर्स, जाळीवालं हेल्मेट, इअरमफ, हातमोजे असा अख्खा सेट. मोठा भाऊ म्हणतो हे सगळं चढवलं की काही होत नाही, बिनधास्त चालव. पण ट्राउझर्सच्या लेबलवर क्लास १, २० मीटर प्रति सेकंद लिहिलंय आणि मशीनच्या पुस्तकात चेनचा वेग २४ दिलाय. मग कापड कमी पडणार का? शिवाय पोटरीला मागून हात लावला तर साधं कापड लागतंय, पीस खराब आलाय की असंच असतं? वरच्या अंगाला जॅकेट घ्यावं का?

प्रतिसाद १
पीस खराब नाही, टाइप ए आहे, त्यात संरक्षक धाग्यांचं भरण मुख्यतः समोरच असतं. सगळीकडून हवं तर टाइप सी, पण ती गरम आणि जड होते. ते कापड चेनला ढालीसारखं अडवत नाही हे भावाला आधी सांग. वरचं कापड फाटतंच, मग आतले लांब धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटला (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) गुंडाळतात आणि चेन जाम होते. क्लास ० म्हणजे १६, १ म्हणजे २०, २ म्हणजे २४ आणि ३ म्हणजे २८ मीटर प्रति सेकंद, तेही लॅबमधल्या ठरलेल्या टेस्टमध्ये. तुझ्या मशीनला किमान क्लास २ बघ, आणि तोही जखम होणारच नाही असं लिहून देत नाही. एकदा कट बसला की ती जोडी बाद, शिवून वापरायची नाही.

प्रतिसाद २
वेगाइतकाच मोटरचा जोर बघा. पेट्रोल मशीनमध्ये चेन अडकली की क्लच घसरतो, इंजिन दबतं. इलेक्ट्रिक मोटर कमी वेगातही पूर्ण जोर लावते, त्यामुळे धागे अडकूनही चेन फिरत राहू शकते. काही चॅप्सच्या (पँटवरून बांधायच्या संरक्षक कापडाच्या) लेबलवर इलेक्ट्रिक सॉसाठी नाही असं स्पष्ट छापलेलं असतं, ते वाचा. आणि धुताना ब्लीच, सॉफ्टनर नको.

प्रतिसाद ३
सगळे पायाचंच बोलताय. बारच्या, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की किकबॅक बसतो आणि बार उसळून थेट तोंडाकडे, मानेकडे येतो, आणि तिथे तुझ्या सेटमध्ये काय आहे? एक जाळी, जी भुसा अडवते, चेन नाही. जॅकेट मिळतात, खांद्याला आणि हाताला मदत होते, पण मान उघडीच राहते. म्हणून चेन ब्रेक (चेन झटकन थांबवणारा) रोज सुरुवातीला तपास, डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून पूर्ण गुंडाळलेला ठेव, खांद्याच्या वर कापू नकोस, शिडीवर तर नाहीच. हातमोज्यांबद्दलही भ्रम नको, चेनपासून संरक्षणवाल्या मोज्यातही ते अस्तर बहुधा डाव्या हाताच्या मागच्या बाजूलाच असतं, कारण बोटं वाकायला हवीत. हे मी भीती घालायला सांगत नाहीये, पण अंगावर सेट आला की माणूस बार कसाही घुसवायला लागतो हे बघितलंय.

मूळ लेखक
धन्यवाद सगळ्यांना, क्लास २ टाइप सी बघतो, बॅटरी मशीनला चालते का ते विचारूनच घेईन. अजून एक, एका झाडाची मुळं मातीसकट उपटून उभी राहिलीत, खोड जमिनीला टेकलेलं नाही, मधे अधांतरी आहे. ते मधून कापलं तर?

प्रतिसाद ३
थांब, त्याला हात लावू नकोस. खोडाचं वजन सुटलं की मुळांचा गड्डा मातीसकट झटकन परत खड्ड्यात बसू शकतो, आणि जवळ असलास तर ट्राउझर्सचा क्लास कुठलाही असो, काही उपयोग नाही. त्यात खोड ताणात आहे, एकाच टोकाला आधार असून खाली वाकलेल्या खोडाला ताण वरच्या अंगाला असतो, तर दोन्ही टोकांवर टेकलेल्या खोडात वरचं अंग दाबात आणि खालचं ताणात, म्हणजे वरूनच कापत गेलास तर बार चिमटतो आणि खालून घेतलंस तर फाकून उसळू शकतं. हेल्मेट पडणाऱ्या बारक्या फांदीसाठी आहे, खोडासाठी नाही. हे एक झाड वादळी झाडांचं काम रोज करणाऱ्या माणसाला दे, बाकीची जमिनीवर सपाट पडलेली तू काप, पण कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू दे.

प्रतिसाद २
आणि हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या माणसाकडे रक्तस्राव थांबवणारं प्रेशर बँडेज असू दे, तुमच्या गाडीच्या डिकीत नाही.