१९०७च्या ‘सिल्व्हर घोस्ट’च्या मॉडेलचे परीक्षण: रेडिएटरवरची मूर्ती चूक धरावी का?

पोटमाळा (प्रश्न)

नमस्कार.

गेल्या महिन्यात चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर एका दुकानात मला रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’चे १:२४ प्रमाणातले डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचे) मॉडेल मिळाले. आम्हा सात-आठ संग्राहकांचा एक लहान गट आहे. दर तीन महिन्यांनी एकाने आपल्याकडच्या एका मॉडेलचे लेखी परीक्षण वाचून दाखवायचे आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचे, असा आमचा प्रघात आहे. या खेपेस पाळी माझी आहे, म्हणून वाचनाआधीच येथील जाणकारांकडून कान उपटून घ्यावेत असे वाटले.

गाडी जेमतेम वीतभर लांबीची आहे, पण हातात घेतल्यावर वजन चांगलेच जाणवते. रंग चंदेरी, टप उघडी, चाके लाकडी आऱ्यांसारखी आणि नंबर प्लेट ‘एएक्स २०१’ अशी आहे. बॉनेट दोन्ही बाजूंनी उचलता येते, मागची दारे उघडतात आणि स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळतात. डावे दार बंद केल्यावरही त्याच्या फटीत नखाचे टोक जाते आणि पुढच्या एका दिव्याची काच हरवलेली आहे. पेटी मिळाली नाही. निर्मात्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण हाताळून जुन्या झालेल्या एकाच नगावरून कारखान्याला बोल लावणे मला योग्य वाटत नाही.

माझी खरी अडचण रेडिएटरवरच्या पंख पसरलेल्या मूर्तीची आहे. ही मूर्ती गाडीहून नंतरची असल्याचे मी वाचले आहे. तसे असेल तर तिला निर्मात्याची चूक धरून गुण कापावेत, की आधीच्या मालकाने ती हौसेने चिकटवली असेल असे समजून सोडून द्यावे? दुकानदाराने ‘ही महाराजांची गाडी आहे’ असेही सांगितले. त्या बोलण्यात काही तथ्य आहे का?

जुनी_सनावळ

आपला प्रश्न मूर्तीपुरता दिसत असला तरी त्याच्या पोटात दुसरा, मोठा प्रश्न आहे. हे मॉडेल त्या गाडीच्या आयुष्यातला कोणता दिवस दाखवते, हे परीक्षणाने आधी ठरवले पाहिजे. एकदा तो दिवस पक्का झाला की काय बरोबर आणि काय चूक, हे बहुतेक आपोआप कळते. दिवस न ठरवता लिहिलेले परीक्षण म्हणजे ‘मला आवडले’ किंवा ‘मला आवडले नाही’ एवढेच उरते.

एएक्स २०१ हा क्रमांक एकाच गाडीचा आहे. रोल्स-रॉइसने ४०/५० अश्वशक्तीच्या गाड्या बांधायला सुरुवात केल्यावर १९०७ मध्ये त्यांतील बाराव्या सांगाड्यावर, म्हणजे ६०५५१ क्रमांकाच्या चासीवर, बार्कर या लंडनच्या बॉडी बांधणाऱ्यांनी उघडी टूरर बॉडी चढवली. कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी ती अ‍ॅल्युमिनियमच्या रंगाने रंगवून घेतली, तिच्या धातूच्या जोडण्यांना चांदीचा मुलामा दिला आणि ‘सिल्व्हर घोस्ट’ अशी नावाची पट्टी तिच्यावर लावली. तेव्हा हे नाव या एका गाडीचे होते, संपूर्ण मालिकेचे नव्हते. १९२५ मध्ये ‘फँटम’ आल्यावर मागच्या सगळ्या ४०/५० गाड्यांना कंपनीने हेच नाव लावले. म्हणून आपल्या मॉडेलवर ती पट्टी आहे का, हे मी मूर्तीच्याही आधी पाहीन.

मूर्तीबाबत आपण वाचले ते बरोबर आहे. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडवलेली ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ १९११ मध्ये आली. त्या काळी मालक मंडळी आपापल्या लहरीप्रमाणे रेडिएटरच्या टोपणावर काहीबाही बसवत असत आणि ते कंपनीला रुचत नसे, म्हणून ही मूर्ती करून घेण्यात आली. त्यामुळे १९०७च्या गाडीवर ती असणे शक्यच नाही. पुढे काही मालकांनी जुन्या गाड्यांवरही ती बसवून घेतली हे खरे, परंतु निर्मात्याने मॉडेलच्या तळाशी ‘१९०७’ असे कोरले असेल, तर त्या सालाला त्याने स्वतःच बांधून घेतले आहे. मग सूट कशाला?

याच न्यायाने चकाकी पाहावी. मोटारींवर क्रोमचा मुलामा सर्रास दिसू लागला तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी निकेल, पितळ आणि क्वचित चांदी असे. क्रोमला निळसर, थंड झाक असते. चांदी किंचित उबदार दिसते. देवघरातले चांदीचे निरांजन आणि स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला शेजारी ठेवून पाहिले की हा फरक डोळ्यांना पटतो. बहुतेक मॉडेलांवर प्लास्टिकला दिलेला क्रोमसारखा मुलामा असतो, आणि ‘सिल्व्हर घोस्ट’सारख्या गाडीवर, जिचे अर्धे रूपच चांदीत आहे, ही चूक मला मूर्तीहूनही मोठी वाटते. मूर्ती काढता येते, सगळ्या गाडीवर पसरलेली निळसर झाक काढता येत नाही.

टायरांबाबत मात्र थोडे उदार व्हावे. रबरात काजळी मिसळण्याची रीत रुळली ती १९०७नंतरच्या दशकात. त्यापूर्वीचे टायर पांढुरके किंवा करडे असत. परंतु ही गाडी चालवली गेली, तिचे टायर बदलले गेले आणि १९४८ मध्ये ती पुन्हा कंपनीच्या ताब्यात आली, तेव्हा काळे टायर हा तिच्या पुढच्या आयुष्याचा भाग म्हणून चालवून घेता येईल.

कॅलिपर

सनावळ महत्त्वाची आहेच, पण मॉडेल हे शेवटी साच्यातून काढलेले जस्ताचे ओतीव काम आहे आणि त्याचे परीक्षण मोजमापाशिवाय पुरे होत नाही. माझ्या मते इतिहासाच्या चुका क्षम्य असू शकतात. मापाच्या चुका मात्र रोज डोळ्यांत खुपतात, मग त्या का खुपतात हे पाहणाऱ्याला सांगता येवो वा न येवो.

व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची सरकपट्टी) घ्या आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर मोजा. त्या काळातल्या ४०/५० चा व्हीलबेस दोन प्रकारचा असे: १३५.५ इंच आणि १४३.५ इंच. १:२४ मध्ये त्याचे अनुक्रमे १४३.४ आणि १५१.९ मिलिमीटर होतात. आपले माप या दोहोंपैकी एकाशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले, तर साचा करणाऱ्याने कागद पाहून काम केले आहे. ते मधेच कुठेतरी लोंबकळत असेल, तर छायाचित्रावरून अंदाजपंचे केलेले आहे असे खुशाल समजावे.

दाराच्या फटीबद्दल जरा न्यायाने बोलू. मॉडेलमध्ये ०.४ मिलिमीटर फट असली की खऱ्या गाडीत ती जवळजवळ एक सेंटिमीटर होते, आणि तेवढी फट कोणत्याही दर्जेदार बॉडीला शोभणारी नाही. परंतु रंगाचा थर प्रमाणात लहान होत नाही, ही यातली गोम आहे. दाराच्या कडेवर आणि चौकटीवर मिळून रंगाने ०.१५ मिलिमीटर खाल्ले तर तेवढी जागा साच्यातच सोडावी लागते. रंगातल्या चकाकणाऱ्या कणांचेही तसेच आहे. चाळीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण खऱ्या गाडीवर दिसतसुद्धा नाही, पण १:२४ वर तो जवळपास मिलिमीटरभर टिकलीसारखा वागतो, म्हणून चंदेरी मॉडेले कित्येकदा जरीच्या कापडासारखी दिसतात. कण जितका बारीक, तितके काम चोख. खिडकीतल्या तिरप्या उन्हात बॉनेटवर भिंग धरून पाहा. ट्यूबलाइटखाली हे कळणार नाही.

बॉनेट उघडून इंजिनही नीट पाहावे. ७,०३६ सीसीच्या या इंजिनाचे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ओतीव ब्लॉकांत आहेत आणि दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आहेत. मॉडेलमध्ये सहांचा एकच सलग ठोकळा असेल, तर निर्मात्याला इंजिन फक्त बॉनेटखाली काहीतरी असावे म्हणून हवे होते.

आणि एक ठिकाण हमखास राहून जाते: गाडी उलटी करून चासीच्या कडा तपासा. जस्तात शिसे किंवा कथिलाची भेसळ झाली असेल तर धातू आतून फुगतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि पुढे तुकडे गळू लागतात. आपल्याकडच्या दमट हवेत हे दुखणे लवकर बळावते आणि त्यावर औषध नाही. माझ्याकडचे एक जुने मॉडेल कपाटातल्या कपाटात असे मोडले की मागचा आस वेगळा उचलून ठेवावा लागला. शिवाय मऊ टायर प्लास्टिकच्या बैठकीवर वर्षानुवर्षे टेकलेले असले की त्यांतला तेलकटपणा उतरून बैठकीत खड्डे पडतात. गाडी चासीखाली लाकडी ठोकळा देऊन ठेवावी, चाके किंचित अधांतरी राहू द्यावीत.

पंचगंगेकाठी

महाराजांच्या गाडीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण विषय आमच्या गावाचा आहे. एएक्स २०१ ही महाराजांची गाडी नव्हे. कंपनीने ती लोकांना दाखवण्यासाठी आणि चाचण्यांसाठी केली होती. १९०७ मध्ये लंडन ते ग्लासगो अशा खेपा घालत ती १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३ हजार किलोमीटर, बिघाडामुळे न थांबता धावली. त्याआधी ६२९ मैलांवर ती एकदाच थांबली होती, तीही पेट्रोलचा नळ हादऱ्यांनी आपोआप बंद झाला म्हणून.

दुकानदाराच्या कानावर आली असेल ती गोष्ट बहुधा दुसऱ्या गाडीची. १९०८ मध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची एक ४०/५० मुंबई–कोल्हापूर चाचणीत उतरली आणि घाट चढत-उतरत ६२० मैल विनातक्रार पार करून आली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. त्या काळातला घाटरस्ता आणि मागच्याच चाकांना असलेले ब्रेक डोळ्यांपुढे आणले तर चढापेक्षा उतारच जास्त भीतिदायक वाटतो. तेव्हा परीक्षणात ‘महाराजांची’ असे लिहू नये. लिहायचेच असेल, तर ‘महाराजांनी घेतलेल्या गाडीची थोरली बहीण’ असे लिहावे.

पोटमाळा

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी ऊन खिडकीत आल्यावर सांगितल्याप्रमाणे सगळे तपासले.

व्हीलबेस तीनदा मोजला, तो १४३.६ मिलिमीटर भरला. इंजिन दोन ब्लॉकांत आहे, आणि प्लगच्या जागी ओळीने बारीक टोके आहेत, ती मोजली तर बारा भरली. एवढे कष्ट बॉनेटखाली झाकून ठेवणाऱ्या माणसाबद्दल माझा आदर वाढला. पेट्रोलचा नळही शोधला, पण तो काही सापडला नाही. नावाची पट्टी आहे, मात्र अक्षरे रंगाने इतकी बुजली आहेत की भिंगाखालीही अंदाजानेच वाचावी लागतात. बॉनेटवर जरीचा भास नाही, रंग शांत आहे. याउलट दिव्यांची आणि रेडिएटरची झाक सनावळकारांनी म्हटल्याप्रमाणे निळसर निघाली. शेजारी आजीचे चांदीचे पंचपात्र ठेवून पाहिले आणि त्यानंतर ती झाक डोळ्यांपुढून हलेनाशी झाली, हे आपणाविषयीचे एकमेव गाऱ्हाणे आहे.

डाव्या दाराची फट साच्यातली नव्हती. बिजागरीत कुणीतरी ओतलेल्या गोंदाचा वाळलेला थेंब होता, तो टाचणीने काढला आणि दार बसले. तेव्हा त्या दोषाचे खापर निर्मात्यावर फोडले नाही, हे बरे झाले. चासीवर भेगा नाहीत.

मूर्ती मात्र आधीच्या मालकाची नव्हे. तिच्या पायाशी गोंदाची रेघ नाही. ती आणि टोपण एकाच ओतीव तुकड्यात आहेत आणि तळाशी ‘१९०७’ स्पष्ट कोरलेले आहे. तेव्हा परीक्षणात ‘गाडी १९०७ची, मूर्ती निदान चार वर्षांनंतरची, आणि जबाबदारी निर्मात्याची’ असे लिहिणार आहे. गुण थोडेच कापेन, कारण टोपण नुसते दाबून बसवलेले आहे आणि हलक्या हाताने वर ओढले की मूर्तीसकट निघते. त्या जागी साधे टोपण लेथवर कातून घ्यावे असे मनात आहे. भोक दोन मिलिमीटरचे आहे. पितळ वापरून वर मुलामा द्यावा का?

जुनी_सनावळ

पितळ नको, मुलामाही नको. भांड्यांच्या बाजारात जर्मन सिल्व्हरची तार किंवा सळई मागा. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या त्या मिश्रणाला चांदीसारखी उबदार झाक मुळातच असते आणि ते चांदीसारखे काळेही पडत नाही. चार मिलिमीटरची सळई घेऊन खालचे टोक दोनपेक्षा केसभर कमी कातावे, म्हणजे टोपण सहज बसेल व निघेल. मूळ मूर्ती फेकू नका. कापसात गुंडाळून, मॉडेलचा क्रमांक लिहून लहान डबीत ठेवा. ती खोटी असली तरी या मॉडेलची खरी आहे, आणि पुढचा मालक ती मागेल.

कॅलिपर

सळई कातण्यापूर्वी भोकाची खोलीही मोजा. काड्यापेटीतली काडी घालून तिच्यावर पेन्सिलीने खूण केली तरी पुरते.