पाच वर्षांखालच्या मुलांना दर आठवड्याला प्ले झोनमध्ये नेणं बरोबर आहे का?

मृण्मयी_पुणे
आमच्या सोसायटीत बहुतेक घरांचा शनिवार-रविवारचा बेत ठरलेला असतो: मॉल आणि मॉलमधला प्ले झोन. दोन-तीन वर्षांच्या पोरांना मोजे घालून जाळीच्या आत सोडायचं, तासाचे पाच-सहाशे रुपये भरायचे आणि आपण बाहेर बसायचं. वाढदिवसाला कधीतरी गेलं तर माझी हरकत नाही. पण लहान मुलांचा हा नेहमीचा खेळ होऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

तिथे पोर काहीच जोखत नाही. कुठूनही उडी मारली तरी खाली गादीच असते. बागेतल्या शिडीवर चौथ्या पायरीला मूल थांबतं, खाली बघतं, एक पाय मागे घेतं आणि मग ठरवतं. ते थांबणं मला फार मोलाचं वाटतं. शिवाय माती नाही, मुंग्या नाहीत, वारा नाही, आणि गाणी इतकी मोठ्याने लावलेली की पोराला हाक मारायची तर ओरडावं लागतं.

उन्हाचा मुद्दाही आहे. जी मुलं बाहेर जास्त वेळ असतात त्यांना लांबचं नीट दिसत नाही म्हणून चष्मा लागण्याचं प्रमाण कमी दिसतं. तैवानने २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीम याच कारणाने चालवली. झाडाच्या सावलीतही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड असतो. मॉलमध्ये तो कुठून आणणार?

आणि ज्यांना पैसे देऊन आत जाता येतं ते बागेत येईनासे झाले, की तिथला तुटलेला झोपाळा दुरुस्त करा म्हणून महापालिकेच्या मागे लागणार कोण?

हिंजवडीची_आई
"आपण बाहेर बसायचं" हे वाक्य मला लागलं. दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर सांभाळून त्या आईने तासभर खुर्चीत पाठ टेकली, तर त्यात गैर काय आहे?

आता आमच्या इथली परिस्थिती ऐका. चौदावा मजला. खाली पोडियमवर हिरवळ आहे, तिच्यावर 'चालू नये' अशी पाटी. खेळायची जागा म्हणजे दोन घसरगुंड्या, त्याही टँकर उभा राहतो त्याच्या शेजारी. रस्त्याला फूटपाथ नाही. सर्वात जवळच्या बागेत जायला रिक्षा करावी लागते, आणि तिथे वाळूत कुत्र्यांची घाण असते. जून ते सप्टेंबर तर विषयच नको. तेव्हा माझ्यापुढचा पर्याय टेकडी नसतो, टीव्ही असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसातून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. तीन तास! साडेसहाशे चौरस फुटांच्या घरात ते कसे भरायचे? प्ले झोनमध्ये माझा मुलगा तासभर न थांबता चढतो, रांगतो, घसरतो. मी शांत मनाने बसू शकते, कारण दाराला कडी आहे आणि रस्ता लांब आहे.

नागपूरकर_बाबा
ताई, पुण्याच्या हवेत बसून हे लिहिणं सोपं आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सकाळी नऊनंतर बागेतल्या लोखंडी घसरगुंडीला हात लावून पाहा, पोराच्या मांडीला चटका बसतो. संध्याकाळी सातपर्यंत जमिनीतून वाफ निघत असते. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत माझ्या मुलीने कुठे पळायचं? हिवाळ्यात आम्ही रोज बागेतच असतो. ऋतू पाहून बोलायला हवं.

बालरोगतज्ज्ञ_नाशिक
दोन्ही बाजूंनी सुटलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे ट्रॅम्पोलिन, उड्या मारायचं ताणलेलं कापड. आता बऱ्याच प्ले झोनमध्ये सॉफ्ट प्लेच्या, म्हणजे गाद्या-बोगद्यांच्या खेळाच्या, शेजारीच ते असतं आणि त्याच तिकिटात मिळतं. सहा वर्षांखालच्या मुलांनी त्यावर जाऊ नये, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. बहुतेक दुखापती एकाच वेळी एकाहून जास्त जण उड्या मारत असताना होतात. दहा वर्षांचा मुलगा आपटला की कापड वर उसळतं आणि शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाच्या नडगीवर सगळा भार येतो. हाड मोडायला त्याने पडावं लागत नाही. पालकांना हे सांगितलं की ते चकित होतात, कारण "सगळीकडे गादीच तर होती" हाच त्यांचा समज असतो.

दुसरी, हात-पाय-तोंडाचा आजार. तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात फोड येतात, मूल दोन-तीन दिवस खात नाही. प्लास्टिकच्या चेंडूंवरून तो सहज पसरतो, कारण पोरं चेंडू तोंडात घालतातच. दारात सॅनिटायझरची बाटली ठेवली की काम झालं असं वाटतं, पण या विषाणूंवर अल्कोहोलचा असर कमी होतो. खेळून आल्यावर साबण आणि वाहतं पाणी, हेच खरं. आणि फोड, ताप किंवा जुलाब असलेल्या मुलाला तिकीट काढलंय म्हणून नेऊ नका.

नेऊच नका, असं मी म्हणत नाही. सकाळी उघडल्या उघडल्या न्या, मोठी मुलं नसताना.

निळी_छत्री
माझा मुलगा ऑटिझम असलेला आहे, चार वर्षांचा. मृण्मयीताई, तुम्ही बागेबद्दल जे लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं, कारण आमची बाग तशी नाही. तो हात सोडून धावतो. फाटकातून थेट रस्त्यावर. बाकीच्या पालकांच्या नजरा वेगळ्याच. चेंडूंच्या टाकीत मात्र तो मानेपर्यंत बुडून शांत पडून राहतो. अंगावर सगळीकडून येणारा तो दाब त्याला बरा वाटतो, त्याच्या थेरपी सेंटरमध्येही तशी छोटी टाकी आहे. मंगळवारी सकाळी गर्दी नसते तेव्हा आम्ही जातो आणि गाणी बंद ठेवायला सांगतो. ते ऐकतात.

कोथरूडचे_आजोबा
मी मृण्मयीच्या बाजूचा. नातीला रोज संध्याकाळी बागेत नेतो. तिथे ती झोपाळ्यासाठी रांगेत उभी राहते आणि तिच्या पुढे वॉचमनची मुलगी असते. प्ले झोनच्या काउंटरवरून ती मुलगी आत येऊच शकत नाही. आमच्या नातवंडांना आपल्यासारखीच मुलं तेवढी भेटावीत, हे मला पटत नाही.

अग्निशमन_ठाणे
चर्चा चांगली चालू आहे, पण २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेल्या आगीचा विषय कुणी काढला नाही. २७ जण गेले, त्यांत मुलं होती. पत्र्याचं तात्पुरतं बांधकाम, अग्निशमन विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र नाही, आत इंधन साठवलेलं.

सॉफ्ट प्ले म्हणजे फोम, रेक्झिन, प्लास्टिक. हे पेटलं की काळा धूर होतो आणि पोर बोगद्याच्या तिसऱ्या वळणावर असतं. तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी विचारा. बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे आणि ते उघडं आहे का? आत मूल अडकलं तर मोठ्या माणसाला तिथवर पोचता येतं का? आणि 'फॉर्म बी' दाखवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं हे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. मालक ओशाळला तर समजून जा.

लीड्सहून
इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात चारला अंधार पडतो, त्यामुळे सॉफ्ट प्ले प्रत्येक उपनगरात आहे. अगदी लहान मुलांचा कोपरा वेगळा कुंपण घालून केलेला असतो, मोठ्यांना तिथे मज्जाव. बंदिस्त खेळसाधनांसाठी युरोपात वेगळं मानकच आहे, ईएन ११७६ चा दहावा भाग. आणि पाऊस थांबला की हेच पालक गमबूट घालून पोरांना चिखलात सोडतात.

मृण्मयी_पुणे
निळी_छत्री, तुमच्या मुलासाठी ती जागा हवीच. माझं म्हणणं त्याला लागू होत नाही. नागपूरचा उन्हाळाही मान्य.

पण हिंजवडीची_आई, तुम्ही सांगितलेली प्रत्येक अडचण माझ्याच बाजूची आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडायला सांगितली आहे. ती जागा तुमच्या मुलाची आहे. तिथे 'चालू नये' अशी पाटी लावायचा अधिकार कमिटीला कुणी दिला? मंजूर नकाशा मागा, ती जागा नेमकी कुठे दाखवली आहे ते बघा. महिन्याला प्ले झोनवर जे दोन-अडीच हजार जातात, तेवढे दहा घरांनी काढले तर वाळूचा खड्डा आणि लाकडी शिडी सहज होईल.

हिंजवडीची_आई
नकाशा मागते. पाटीबद्दल सर्वसाधारण सभेत बोलतेही, कारण तो मुद्दा पटला. पण सभा सप्टेंबरात आहे, मग ठराव, मग कोटेशन, मग कुणाच्या तरी गाडीची जागा जाते म्हणून भांडण. माझा मुलगा तोवर तीनचा होईल. तेव्हा या शनिवारी आम्ही प्ले झोनलाच जाणार. डॉक्टरांनी सांगितलं तसं सकाळी उघडल्या उघडल्या, ट्रॅम्पोलिन सोडून. दुसरं दार कुठे आहे ते आधी बघेन. फॉर्म बी मागितल्यावर काय म्हणतात ते इथे लिहिते.