कागदावर संपली ती १८६५ साली

"गुलामगिरी संपून दीडशे वर्षं झाली, आता किती उगाळायचं?" असा सूर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दल लावला जातो, तो मला पटत नाही. अमेरिकेची तेरावी घटनादुरुस्ती (१८६५) एकदा नीट वाचा. गुलामगिरी बंद, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल, अशी पाचर तिच्यातच मारून ठेवली आहे. दक्षिणेतल्या राज्यांनी ती लगेच हेरली. कामधंद्याविना भटकणं हाच गुन्हा ठरवला आणि पकडलेले कैदी मळ्यांना, खाणींना भाड्याने दिले. मालक बदलला, एवढंच.

नुकसानभरपाई कुणालाच मिळाली नाही असंही नाही हं! वॉशिंग्टन डी.सी.मधले गुलाम १८६२ साली मुक्त झाले तेव्हा माणशी ३०० डॉलरपर्यंत रक्कम दिली गेली. मालकांना.

१९३०च्या दशकातले सरकारी गृहकर्ज संस्थेचे नकाशेही बघण्यासारखे आहेत. वस्त्यांना चार रंग: हिरवा, निळा, पिवळा, लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक लालच, शेरा 'धोकादायक'. तिथे कर्ज मिळणं मुश्कील. घर नाही म्हणजे पोरांच्या हाती वारसा नाही. त्यात शाळांचा बराचसा पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो, म्हणजे शाळाही यथातथाच.

राहिला मनातल्या भेदाचा प्रश्न. आंतरवंशीय विवाहांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली घटनाबाह्य ठरवली. अलाबामा राज्याच्या स्वतःच्या घटनेतलं ते बंदीचं कलम मात्र २००० साली मतदान घेऊन काढलं, तेव्हाही सुमारे ४० टक्के मतं 'राहू द्या' म्हणणारी होती. त्यातले बरेच जण आजही मतदान करत असतील.