टी४३०चा प्रोसेसर बदलावा का?

अंत्रूजकर
२०१२चा थिंकपॅड टी४३० लॅपटॉप आहे. प्रोसेसर आय५-३३२०एम, ८ जीबी रॅम, एसएसडी घातलेली. फोंडा भागात जत्रेतली नाटकं आणि भजनी सप्ताह फोनवर शूट करतो, घरी एडिट करतो. कटिंग कसंबसं निभतं, पण एक्सपोर्टला (तयार व्हिडिओची फाइल काढायला) लावलं की रात्रभर पंखा घोंघावतो. या मॉडेलमध्ये प्रोसेसर सॉकेटवर बसतो, सोल्डर केलेला नाही, म्हणजे काढून बदलता येतो. जुना आय७-३६३२क्यूएम तीनेक हजारांना मिळतोय. घालू?

म्हापशेकर
अजिबात नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि हा आय७ सुद्धा तिसऱ्याच पिढीतला. आणखी थोडे पैसे घालून याच मालिकेतला नंतरचा टी४८० सेकंडहँड घ्या आणि मोकळे व्हा.

सत्तरीतला
"थोडे" म्हणजे पाच-सहा पट, बाब! मी म्हणतो, घाला. आताच्या चिपला २ कोर (स्वतंत्र काम करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), त्याला ४ आणि ८. कागदावर दोन्ही ३५ वॅटचे, त्यामुळे हीटसिंक (उष्णता बाहेर काढणारा धातूचा भाग) तोच चालतो. कीबोर्ड आणि पामरेस्ट काढा, पंखा उचला, सॉकेटचा स्क्रू चपट्या पेचकसाने अर्धा फिरवा, की चिप हातात. थर्मल पेस्ट नाहीतरी बदलायलाच हवी, दहा वर्षांत तिचं पापड झालेलं असतं. विंडोजचा प्रश्न असेल तर लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम आहे, एडिटिंगला केडेनलाइव्ह आहे. जे मशीन उघडून दुरुस्त करता येतं ते भंगारात का टाकायचं? आजकालच्या लॅपटॉपमध्ये तर पुष्कळदा रॅमसुद्धा सोल्डर केलेली.

म्हापशेकर
कागदावर ३५! दोन कोरचा चिप तिथवर क्वचितच पोचतो, चार कोरचा एक्सपोर्ट संपेपर्यंत तिथंच ठाण मांडतो. एप्रिलच्या उकाड्यात, एसी नसलेल्या खोलीत करून बघा. आणि पावसाळ्यात दमट हवेने बोर्ड गेला तर तो आय७ काय शोकेसमध्ये ठेवणार?

सत्तरीतला
दुसऱ्या टी४३०त घालीन. सॉकेट त्यासाठीच असतो.

पाटोवाला
दोघेही भांडताय, पण यांचा फोन रेकॉर्ड कशात करतो हे कोणीच विचारलं नाही. एचईव्हीसीत (व्हिडिओ जास्त दाबून साठवणारा फॉरमॅट) ४के असेल तर हा आय७ सुद्धा धापा टाकणार. एचईव्हीसी उलगडायची हार्डवेअर सोय इंटेलमध्ये नीट आली ती सहाव्या पिढीत. उलट एच.२६४ या जुन्या, साध्या फॉरमॅटमधला एक्सपोर्ट क्विक सिंकने (इंटेल चिपमधली व्हिडिओची सोय) केला तर ते काम ग्राफिक्सचा भाग करतो, कोरवरचा भार बराच हलका होतो. तो भाग तुमच्या आय५मध्ये आत्ताही आहे, त्याचं नाव एचडी ४०००. सेटिंगमध्ये एकदा चालू करून पाहिलंत?

अंत्रूजकर
नाही पाहिलं. फोन ४के एचईव्हीसीवरच आहे. पण रात्रीच्या मंडपात उजेड कमी, चित्रात दाणे येतात, म्हणून डीनॉइज (दाणे काढणारं फिल्टर) लावावंच लागतं.

पाटोवाला
मग गोष्ट बदलली. तुम्ही वापरता ते डीनॉइज कोरवर चालत असेल (अशा जुन्या मशीनवर बहुधा चालतंच), तर तिथे चार कोरचा फरक दिसेल. वेळ अगदी निम्मा होणार नाही, पण बराच उतरेल. तरी आधी फोन १०८० आणि एच.२६४ वर आणा. यूट्यूबवर नाटक बघणाऱ्यांतले बहुतेक जण फोनवरच बघतात, ४के कोणाला हवंय?

म्हापशेकर
म्हणजे आधी फुकटचे उपाय. एवढं मान्य. चिपला माझा विरोध कायम.

अंत्रूजकर
पुढच्या सप्ताहाचं शूटिंग १०८०वर करतो, एक्सपोर्ट क्विक सिंकने. डीनॉइजमुळे तरीही रात्र गेली तर चिप मागवतो. टी४८० यंदा परवडणार नाही.

सत्तरीतला
मागवाल तेव्हा दोन गोष्टी. या चिपला पिना खालून असतात, त्या वाकलेल्या नाहीत ना याचा जवळून काढलेला फोटो विक्रेत्याकडून आधी मागा. आणि वर "इंटेल कॉन्फिडेन्शियल" छापलेलं असेल तर घेऊ नका, तो चाचणीसाठी काढलेला नमुना असतो. रॅम एकाच पट्टीत ८ जीबी असेल तर तशीच दुसरी पट्टीही घाला. १६ जीबीपर्यंत हे मशीन घेतं.