लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आले की अँटिबायोटिक द्यायलाच हवं का?

वॉर्डसिस्टर: माझं मत स्पष्ट आहे. रुग्णालयात बरीच अँटिबायोटिक्स रुग्णाला नाही, रिपोर्टला दिली जातात. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, टाकला की दर दिवसागणिक साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू दिसू लागतात. महिनाभर राहिला तर जवळपास सगळ्यांच्याच. ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, तरी लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, जाते, ई. कोलाय हा जंतू येतो आणि सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू. आतड्यातले साधे जंतू मरतात, ईएसबीएलवाले, म्हणजे अशी औषधं निकामी करणारं एन्झाइम बनवणारे, माजतात. गरोदर बायका आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले सोडले, तर लक्षणांशिवाय औषध सहसा नकोच.

रात्रपाळी_आयसीयू: वाचायला छान. माझ्यासमोर 78 वर्षांचे आजोबा आहेत, वरचं बीपी 80, शुद्ध धड नाही. त्यांना जळजळ होते का विचारू? पूर्ण रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा, पहिला डोस तासाभरात जायला हवा. मी मेरोपेनेमच, म्हणजे जोरदार अँटिबायोटिकच, देणार.

वॉर्डसिस्टर: द्या की! शॉकबद्दल कोण बोलतंय? मी तिसऱ्या दिवसाबद्दल बोलतेय. रिपोर्ट आला, साधं औषध चालतंय असं लिहिलंय, तरी मेरोपेनेम सुरूच. का, तर पेशंट सुधारतोय, उगाच कशाला हात लावा.

रात्रपाळी_आयसीयू: होतं असं, भीतीपोटी होतं. पण ‘साधं औषध’ म्हणजे नायट्रोफ्युरँटॉइन असेल तर सांभाळून. ते मूत्राशयापुरतं ठीक. रक्तात आणि किडनीत पुरेसं पोचत नाही.

पेशंटचा_मुलगा: रिपोर्टवर जंतूचं नाव लिहून आलंय आणि डॉक्टर औषध देत नाहीत, हे घरच्यांनी कसं मानायचं? काही झालं तर?

कल्चरप्लेट: आधी विचारा, नमुना कुठून घेतला. पिशवीतली लघवी पाठवाल तर पिशवीतलेच जंतू वाढतील. कॅथेटरच्या आत जंतूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म बसतो. औषध त्यात नीट शिरत नाही. खरा संसर्ग असेल आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्या. त्याच थरात प्लाझ्मिडवरची (जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या छोट्या कड्यांवरची) औषध-प्रतिकाराची जनुकं क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूकडून ई. कोलायकडे जाऊ शकतात. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध. जंतूंना त्याला दाद न देण्याची ताकद देणारं प्लाझ्मिडवरचं जनुक, एमसीआर-1, 2015 मध्ये जगासमोर आलं. म्हणून ‘देऊन टाकू, बिघडतंय काय’ हे मला पटत नाही. बिघडतं, फक्त बहुधा शेजारच्या खाटेवर.

पेशंटचा_मुलगा: शेजारच्या खाटेसाठी माझ्या वडिलांनी जोखीम घ्यायची?

वॉर्डसिस्टर: नाही हो. विनाकारण दिलेल्या औषधाने जुलाब होतील ते त्यांनाच, आणि पुढचा संसर्ग चिवट निघेल तोही बहुधा त्यांचाच. तुम्ही राऊंडला रोज एकच विचारा: नळी आज काढता येईल का?

रात्रपाळी_आयसीयू: माझ्याकडे उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ येईल. तासातासाची लघवी मोजावी लागते.

वॉर्डसिस्टर: आयसीयूत मोजा. वॉर्डात शिफ्ट करतानाही ती तशीच येते, कुणी ऑर्डरच लिहिलेली नसते.