फिरतीच्या गेममधली जुळवाजुळव: अनुभव धागा

पोकेमॉन गो, इन्ग्रेस, जिओकॅशिंग... फोन घेऊन बाहेर फिरत खेळायचा गेम कुठलाही असो, घोडं अडतं माणसांपाशी. निरोप कसे द्यावेत, काय बिनसतं ते लिहा. तपशील हवेत, कौतुक नको.

पायपीट: पोकेमॉन गोमध्ये रेडच्या (अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी, म्हणजे बॉसशी, लढायचं) ग्रुपवर नुसतं 'येतोय' लिहू नका. जिमचं (नकाशावरच्या लढाईच्या ठिकाणाचं) नाव, लॉबीत (लढाईआधी जमायच्या खोलीत) शिरायची वेळ आणि आपण किती जण, एवढं पुरे. जिमवरचं अंडं फुटल्यावर बॉस 45 मिनिटं असतो, पण लॉबीचं घड्याळ 2 मिनिटांचंच. पहिला आत गेला की सुरू. एका लॉबीत 20 जण. 22 आले तर उरलेले दोघे वेगळे पडून बहुधा हरतात. आधीच दोन गट पाडा आणि खासगी गटाचा कोड ठरवा.

चकवा: पोकेमॉनच्या अदलाबदलीला (ट्रेडला) भेटण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'हा तुझ्या पोकेडेक्समध्ये (पकडलेल्या पोकेमॉनच्या यादीत) आहे का?' यादीत नसलेला लेजंडरी (दुर्मिळ, बलाढ्य पोकेमॉन) नव्या मित्राकडून घेताना 10 लाख स्टारडस्ट (खेळून साठवायची पुंजी) जाते, 'बेस्ट फ्रेंड' या मैत्रीच्या वरच्या पायरीवरच्या मित्राकडून 40 हजार. ती पायरी गाठायला रोज गिफ्ट उघडून किंवा एकत्र खेळून 90 दिवस लागतात. शिवाय असा स्पेशल ट्रेड एरवी दिवसाला एकच, त्यामुळे कशाचा करायचा ते आधी ठरलेलं बरं.

हिरवा_एजंट: इन्ग्रेसमध्ये दोन गट पोर्टल नावाच्या ठिकाणांसाठी झगडतात, तिथे बोलणं हाच अर्धा खेळ. लेव्हल 8 चा रेझोनेटर (पोर्टलवर बसवायचा भाग) एका पोर्टलवर माणशी एकच बसवता येतो, म्हणजे अख्खं पोर्टल लेव्हल 8 चं करायला एरवी 8 जण जमवणं आलंच. मोठ्या फील्डला (पोर्टल जोडून होणाऱ्या त्रिकोणाला) लिंक (पोर्टल जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना छेदत नाहीत, म्हणून प्रत्येक लिंकला क्रमांक द्या आणि इंटेल नकाशावर (गेमच्या वेबवरच्या नकाशावर) बसलेल्या एकानेच 'आता टाक' म्हणावं. दोघे बोलू लागले की क्रम चुकतो. पोर्टलची किल्ली (लिंक टाकायला लागते ती) साथीदारासाठी गेममध्ये जमिनीवर टाकून देताना आजूबाजूला बघा. विरोधकही उचलू शकतो. कॉममध्ये (गेममधल्या चॅटमध्ये) टाइप करण्याआधी टॅब तपासा, सगळ्यांचा की फक्त आपल्या गटाचा. आणि वाटेत हौसेने पोर्टल काबीज करू नका, पोर्टलच्या नावासकट बातमी सगळ्यांना दिसते.

डबाशोध्या: जिओकॅशिंगमध्ये (कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसने शोधायचा) समोरासमोर गाठ क्वचितच, सगळा संवाद लॉगमधून, म्हणजे त्या डब्याच्या ऑनलाइन नोंदींतून. 'सापडलं नाही' हा लॉग लोक लाजून टाकत नाहीत, पण तसे लागोपाठ आले तरच मालकाला डबा गायब असल्याची शंका येते. डब्यातली सही करायची वही भिजली असेल तर तेही लिहा. लपवलेल्या जागेचा फोटो मात्र टाकू नका.

पायपीट: @हिरवा_एजंट, एकानेच बोलायचं हे रेडलाही लागू. 'चला' कोण म्हणणार ते आधी ठरवा, नाहीतर कोणीतरी उतावळा घड्याळ चालू करतोच.