हरिश्चंद्रगड, २६ जानेवारी: ओला तंबू, सुटलेले सोल, न उकळणारं पाणी

होटगीरोड

सोलापुरातून सात जण जाणार आहोत. २६ जानेवारी सोमवारी आल्यानं तीन दिवस हातात आहेत. बेत असा: शुक्रवारी रात्री दहाला निघायचं, टेंभुर्णी, करमाळा, नगर, आळेफाटा, ओतूर करत पहाटे खुबी फाटा. शनिवारी खिरेश्वरहून टोलारखिंडीनं हरिश्चंद्रगड, रात्री वर तंबूत मुक्काम, रविवारी पाचनईला उतरून परत.

१५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत याच गटाचं जे जे बिघडलं ते असं. तंबू वरून गळत नव्हता, तरी सकाळी आतून ओला आणि स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू चिंब. दोघांच्या बुटांचे सोल चालता चालता निघाले. स्टोव्ह पेटला पण पाणी उकळेना, आणि जादा नेलेलं गॅसचं नळकांडं त्याला बसेना. धुक्यात दोघांची चुकामूक. यातलं पावसामुळं किती आणि जानेवारीतही होणारं किती? ते कळलं तर सामान त्याप्रमाणं बदलू.

ताणदोरी

पावसाचा वाटा थोडा. चुकामूक धुक्याच्या खात्यात टाका, बाकी तिन्ही गोष्टी जानेवारीत होणारच. तंबूचं तर जास्तच.

वरून गळत नाही आणि आतून ओला, याचा अर्थ ते तुमच्याच श्वासाचं पाणी. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. तिघं एका तंबूत झोपले तर लिटरभर धरा. जानेवारीत आभाळ निरभ्र असतं, तंबूचं बाहेरचं कापड रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं, आणि ही सगळी वाफ त्याच्या आतल्या अंगाला थेंब होऊन बसते. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेनी गच्च लावल्या की पहाटे वरून टपटप सुरू. तेव्हा वरच्या झडपा उघड्याच ठेवायच्या आणि दोन्ही दारांची चेन वरून चार बोटं सोडायची. एका बाजूनं हवा आत आली नि दुसरीकडून गेली तरच उपयोग, एकच फट ठेवून भागत नाही. ओले मोजे आणि टॉवेल आत वाळत घालू नका, ते पाणीही शेवटी छतालाच लागतं.

पायाकडची बाजू चिंब होते कारण तिथं बाहेरचं कापड सैल पडून आतल्या कापडाला टेकतं. नायलॉन रात्री गारठून, ओलसर होऊन ढिलं पडतं. संध्याकाळी तंबू लावल्यावर दोऱ्या ताणायच्या आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा ताणायच्या. दोन कापडांत तीन-चार बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. तंबू एकाच कापडाचा असेल तर हे जमणार नाही. मग तिघांच्या तंबूत दोघांनीच झोपा.

खाली ताडपत्री अंथरता ना? ती तंबूच्या तळापेक्षा मोठी असेल तर कडेनं ओघळणारं पाणी ती गोळा करते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडते. चारी बाजूंनी वीतभर आत दुमडून घ्या. अंथरलेली ताडपत्री तंबूच्या बाहेर दिसत असेल तर ती चुकीची घातली आहे.

गडावर बऱ्याच ठिकाणी बोटभर मातीखाली कातळ आहे, खुंट्या अर्ध्यावर वाकतात. दोरी आडव्या काठीला बांधा, काठी जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर दोन जड दगड रचा. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर धारेवर घासून रात्रीत तुटते. आणि कृपा करून पडक्या बांधकामाचे, मंदिराच्या आवारातले घडीव दगड उपसू नका. पाठीला लावून आणलेल्या पिशवीत माती भरूनही वजन होतं.

कोकणकड्याला वारा खालून वर येतो आणि रात्री त्याची दिशा फिरते. कडेला तंबू लावून फोटो चांगला येतो, झोप येत नाही. बरंच आत, उंचवट्याच्या आडोशाला लावा आणि तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा.

निघण्याच्या आधीच्या रविवारी घराच्या गच्चीवर तंबू लावून बघा. खुंट्यांच्या जागी विटा, वरून पायपानं वीस मिनिटं पाणी. शिवणीतून ओल दिसली तर शिवणीवर लावायचं सीलर मिळतं, पण कापडावर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर आहे की सिलिकॉनचा ते आधी पाहा. सिलिकॉनवर पीयूचं सीलर धरत नाही, पापुद्र्यासारखं निघून येतं.

दाभण

बुटांबद्दल. माळ्यावर दोन-तीन वर्षं पडून असलेले बूट बाहेरून कोरे करकरीत दिसतात, तेच धोक्याचे. तळाच्या मधल्या थरात बहुतेक पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो आतून फुटत जातो, वापरला नाही तरी. त्यात आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी, तिथं चिकटवलेला गोंदही सुटतो. पावसात पाणी शिरल्यावर फक्त शेवटचा धक्का बसतो, नाहीतर जानेवारीत टोलारखिंडीच्या कातळावर बसेल.

तपासणी सोपी. बूट हातात धरून टाचेपासून चवड्यापर्यंत जोरात वाकवा. कडेला फट उघडली किंवा अंगठ्यानं दाबल्यावर फोमचा भुगा पडला तर तो जोड चढाईला न्यायचा नाही. फोम चांगला असून नुसता गोंद सुटला असेल तर चांभाराकडून कडेनं पूर्ण सोलला शिलाई मारून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी, म्हणजे घालून फिरता येईल आणि टाका कुठं टोचतो का ते कळेल.

वाटेत सोल निघालाच तर चिकटपट्टीच्या भरवशावर राहू नका, खडकावर शंभर पावलांत फाटते. तीन मिलिमीटरची नायलॉन दोरी दोन मीटर जवळ ठेवा. एक फेरा चवड्याच्या मागून, तळाच्या खाचेतून न्यायचा, दुसरा टाचेपुढच्या खळग्यातून, आणि गाठ वरच्या बाजूला लेसवर. दोरी खाचेत बसली की घासत नाही. उतरून गाडीपर्यंत यायला एवढं पुरतं.

उतरणीआधी पायाची नखं कापलेली हवीत आणि घोट्याजवळची लेस जास्त आवळलेली. नाहीतर पाय पुढं सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं.

रॉकेलवाला

तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच दिसतंय: गॅस कुठल्या प्रकारचा ते दुकानात पाहिलं गेलं नाही. आपल्याकडं दोन प्रकार मिळतात. एक लांब नळकांडं, तोंडाशी खाच असलेलं, साधारण २२० ग्रॅमचं. ते आडव्या सपाट स्टोव्हचं. दुसरं बसकं, वर आटे असलेलं, २३० ग्रॅमचं, त्यावर छोटा बर्नर फिरवून बसवतात. एकाचं दुसऱ्याला बसत नाही.

लांब नळकांड्यात बहुतेक निव्वळ ब्यूटेन असतो. तो सुमारे उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे गडावर पहाटे पाच-सात अंशांच्या गारठ्यात त्याला जेमतेम दाब राहतो. शिवाय गॅस बाहेर पडताना नळकांडं स्वतःच गार होत जातं, आणि निम्मं संपलं की ज्योत पिवळी मेणबत्ती. बसक्या डब्यात आयसोब्यूटेन आणि प्रोपेन मिसळलेला असेल तर थंडीत फरक पडतो. लेबल वाचून घ्या. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, सकाळी चालू केल्यावर थाळीत दोन बोटं कोमट पाणी घालून त्यात उभा करा. कोमटच, हाताला सोसेल इतकं. उकळतं पाणी कधीच नाही.

वारा अडवायला तीन बाजूंनी सॅक किंवा दगड लावा, चौथी उघडी. बर्नर डब्याच्या डोक्यावर असताना पत्र्यानं गोल वेढून टाकू नका, डबा तापतो. तंबूच्या आत स्टोव्ह नको म्हणजे नकोच. आग लागते तो धोका सगळ्यांना दिसतो, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही.

हिशेब करा. बिनवाऱ्याचं एक लिटर पाणी उकळायला १२ ते १५ ग्रॅम गॅस जातो. सात जणांचा चहा म्हणजे लिटरभर, चार वेळा. खिचडीला तीन-चार लिटर आणि वर शिजायचा वेळ. पावणेदोनशे ग्रॅम होतात, वाऱ्यामुळं दुप्पट धरा, म्हणून २३० ग्रॅमचे दोन डबे. गडाच्या १४२४ मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ शिजता शिजत नाही. मुगाची डाळ खिंडीत दुपारीच डब्यात भिजत घाला.

खरं तर रात्रीच्या जेवणाशिवाय काही शिजवायची गरजच नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोलापुरात घरोघरी आहे. भाकरी स्टीलच्या डब्यात उभ्या रचा आणि फटीत कागद कोंबा, सॅकमध्ये मोकळी टाकली तर वर पोचेपर्यंत चुरा. जंगलात शेकोटी पेटवायचं मनात असेल तर विसरा, हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

खुबीफाटा

सामानाचं झालं. मला खटकतोय तो तुमचा बेत.

गाडी खिरेश्वरला ठेवून पाचनईला उतरणार, मग गाडी कोण आणणार? पाचनई गडाच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्यानं कोतूळ-ओतूर असा वळसा पडतो. ड्रायव्हर वेगळा असेल आणि तो वर येणार नसेल तरच हे जमतं. नाहीतर एकाच वाटेनं चढा-उतरा.

दुसरं म्हणजे रात्रभर गाडी चालवून सकाळी चढाई. सोलापूर ते खुबी फाटा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, सात-आठ तास. ड्रायव्हर जागा, बाकीचे मान मोडून झोपलेले, तसंच चढायला लागायचं. चढताना फारसं जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी उतरताना पाय मुरगळतात आणि परतीला गाडी चालवताना डोळा लागतो.

त्यापेक्षा शनिवारी पहाटे चारला निघा आणि थेट पाचनई गाठा. चहा-नाश्ता धरून दुपारी एक-दीडला पोचाल. पाचनईची वाट सोपी, सॅकसह अडीच-तीन तास. पाच वाजता वर. सूर्य साडेसहाच्या आत मावळतो, तंबू त्याआधी उभे राहिले पाहिजेत. गावात वनखात्याची नोंद आणि शुल्क असतं, वर मुक्कामाबद्दल सध्या काय चालतं ते तिथंच विचारा. दोन वाजेपर्यंत पोचलाच नाहीत तर गावातल्या घरी मुक्काम करा आणि रविवारी सकाळी मोकळ्या पाठीनं गड बघून या. सोमवारवर काहीही ठरवू नका, तो पंक्चरसाठी आणि घरी पोचायला उशीर होण्यासाठी राखीव.

खिरेश्वरच हवं असेल तर आदल्या रात्री गावात झोपून सकाळी सातला निघा. पाच-सहा तास धरा. खिंडीच्या वरच्या कातळटप्प्याला रेलिंग आहे, पण जोडसुट्टीत तिथं रांग लागते, तासभर त्यात सहज जातो. त्यापुढं टेकड्यांमागून टेकड्या. एकसारख्या दिसतात, आणि चुकामूक होते ती तिथंच, धुकं असो वा अंधार. प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या, आणि माकडं आहेत म्हणून खाण्याची पिशवी हातात नको, सॅकमध्ये.

चुकामूक टाळायची रीत: वाट दाखवणारा पुढचा बाण दिसेना झाला की शेवटच्या बाणापाशी एकानं थांबायचं, दोघांनी हाकेच्या अंतरात पुढं जाऊन शोधायचं, सापडला तरच सगळ्यांनी हलायचं. सगळे मिळून शोधत सुटले की शेवटचा बाणही हरवतो. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, फोन विमान मोडवर, आणि खिशात आतल्या बाजूला. थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते.

होटगीरोड

पाचनईच करतो, चढ-उतार दोन्ही. दोन प्रश्न राहिले. स्लीपिंग बॅगा पाचच आहेत, उरलेल्या दोघांना सोलापुरी चादरी चालतील का? आणि लांब नळकांड्यावर आट्यांचा बर्नर बसवायचं अडॅप्टर मिळतं म्हणे, ते घ्यावं का?

ताणदोरी

चादर नको. सुती आहे, जड आहे, दव पडलं की पाणी धरते आणि वाळत नाही. दोन बॅगा भाड्यानं आणा, पुण्यात मिळतात, पाचनईत तंबूवाल्यांकडंही विचारा. आणि बॅग कितीही चांगली असली तरी गारठा खालून लागतो. अंगाच्या वजनानं बॅगेचा खालचा भराव दबून जातो, म्हणून प्रत्येकाला फोमची मॅट हवी, आठ-दहा मिलिमीटर जाडीची. चादर न्यायचीच असेल तर मॅटखाली अंथरा.

रॉकेलवाला

अडॅप्टर चालतं, पण लांब नळकांडं आडवं ठेवायचं तेव्हा तोंडाची खाच वरच्या बाजूला आली पाहिजे. आत वाकडी नळी असते, खाच वर असली की तिचं टोक वरच्या वायूत राहतं. खाच खाली गेली तर द्रव गॅस बर्नरमध्ये येतो आणि ज्वाळा हातभर उसळते. जोड बसवल्यावर पेटवण्याआधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, आणि हे घरी गच्चीवर, तंबूची परीक्षा घ्याल त्याच दिवशी करा. पहाटेच्या थंडीची अडचण मात्र अडॅप्टरनं सुटत नाही, ब्यूटेन तो ब्यूटेनच. सकाळच्या चहासाठी एक तरी बसका डबा घ्या.